पाणी कुठं मुरतंय?

"येताना केस तिकडंच धुऊन ये गं."

शुक्रवारी दुपारी आईचा फोन. संध्याकाळची 'हुतात्मा' पकडून मी वीकएण्डला घरी निघाले होते. बाकीच्यांच्या आया विचारतात, काय करून ठेवू, शेंगाचटणी बांधून देऊ का? आमची आई सांगते, केस धुऊन ये. मी हसले आणि विसरले. (विसरायला नको होतं. कळेलच.)

घर होटगीला. सोलापूरच्या पुढचं जंक्शन. इथून एक लाइन कलबुर्गीकडे जाते, दुसरी विजयपूर-गदगकडे. म्हणजे गाड्यांना दोन-दोन वाटा, नळाला मात्र चार दिवसांतून एकदाच पाणी. निदान आमच्या गल्लीत तरी. त्यामुळे अंगणात हौद, गच्चीवर टाकी आणि घरातल्या एका माणसाच्या डोक्यात कायम पाण्याचा हिशेब, असा सेटअप घरोघरी. आमच्याकडे तो माणूस म्हणजे अप्पा. रेल्वेतून ते रिटायर झाले, त्यांची डायरी झाली नाही. मोटर चालू ६.१०, बंद ६.५०. सगळं लिहिलेलं.

त्या डायरीत दोन महिन्यांपासून एक नवी नोंद होती, लाल पेनानं: 'तिसऱ्या दिवशी टाकी, हौद रिकामे.'

आणि अप्पांचा निकालही लागलेला होता. मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू आहेत. नवरा कारखान्यात शिफ्टला, बायको घरी, सहा महिन्यांचं बाळ. "बाळ झाल्यापासून यांचं पाणी वाढलंय. रोज बादली-बादली लंगोट धुतात. पुढच्या महिन्यात खोली सोडा म्हणून सांगणार आहे," अप्पांनी जेवताना जाहीर केलं. आई गप्प. ती तशी दोन महिने गप्पच असावी. दारातला मोगरा वाळला होता, मावशीला "थोडं थांबून ये" असं कळवून झालं होतं आणि दुपारची भांडी एकाच पातेल्यातल्या पाण्यात निघत होती.

सकाळी मागच्या दारी गेले, तर भाडेकरू वहिनी बाहेरून पाणी घेऊन येत होत्या. एका कडेवर बाळ, दुसऱ्या हातात कळशी. म्हटलं, "अहो वहिनी, आपल्या टाकीत आहे की पाणी."

"असू दे हो ताई. आमच्यामुळं कमी पडतंय ना तुम्हाला."

मला एकदम आईचा फोन आठवला. म्हणजे संशयितांच्या यादीत मीही होते! बाळ, वहिनी, मी, माझे कमरेपर्यंतचे केस. घरातल्या प्रत्येक माणसावर शंका घेऊन झाली होती. घरावर मात्र कुणी घेतली नव्हती.

मराठीत काय सॉलिड वाक्प्रचार आहे ना, 'कुठंतरी पाणी मुरतंय'? आपण तो ऑफिसातल्या राजकारणापासून शेजारच्यांच्या नव्या गाडीपर्यंत सगळ्याला वापरतो. खरंखुरं पाणी मुरत असेल, ही शक्यता मात्र सगळ्यात शेवटी सुचते.

एक पेन्सिल, एक रात्र

गळका नळ दिसतो, ऐकू येतो, त्याचं टेन्शन नाही. खरा चोर लपलेला असतो: फरशीखालचा पाइप, भिंतीतला जॉइंट, हौदाची बारीक चीर, फ्लश टँकचं झिजलेलं रबर. त्याला पकडायला महागडी मशीन लागतातच असं नाही. पहिली टेस्ट फुकट आहे.

शनिवारी रात्री अकरा वाजता मी घरात कर्फ्यू लावला. रात्रीपुरतं पाणी बादलीत भरून ठेवलं. मोटरचं बटण बंद. सगळे नळ बंद, फ्लश करायचा नाही. मग हौदात काठी बुडवून ओल कुठवर आली तिथं पेन्सिलनं खूण केली. गच्चीवर जाऊन टाकीतही तसंच. अप्पा जिन्यात उभे राहून म्हणाले, "तू पत्रकार झालीस की डिटेक्टिव्ह?" म्हटलं, "पगार दोन्हीत सारखाच आहे, अप्पा."

सकाळी सात वाजता हौदाची खूण जागच्या जागी. म्हणजे हौद निर्दोष. टाकीतलं पाणी मात्र पाच सेंटिमीटर उतरलेलं! घरातल्या कुणीही एक थेंब वापरलेला नसताना.

इथं थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. एक चौरस मीटर तळाच्या टाकीत पाणी एक सेंटिमीटर उतरलं, की दहा लिटर गेले. आमच्या हजार लिटरच्या गोल टाकीचा तळ साधारण तेवढाच. म्हणजे आठ तासांत जवळजवळ ५० लिटर. दिवसाचे १५०. चार दिवसांचे ६००!

हा आकडा किती मोठा आहे? केंद्र सरकारच्या शहरविकास मंत्रालयानं २००८ मध्ये पाणीपुरवठ्याची जी मानकं ठरवली, त्यात शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरलंय. म्हणजे आमच्या घरात एक अख्खा माणूस जास्तीचा राहत होता. आंघोळ, कपडे, भांडी, सगळं करणारा, पण न दिसणारा. आणि त्याचं बिल आम्ही सहा महिन्यांच्या बाळावर फाडत होतो.

चोराला कोपऱ्यात गाठा

'बघा, मागच्या खोल्यांतच गळत असणार,' हा अप्पांचा पुढचा मुद्दा. ठीक आहे. टाकीतून दोन लाइन निघतात, एक आमच्याकडे, एक मागे. रविवारी रात्री मागच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला, बाकी सगळं तसंच. सोमवारी सकाळी टाकी पुन्हा पाच सेंटिमीटर खाली.

म्हणजे चोर आमच्याच घरात!

तुमच्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांना हा फंडा लगेच कळेल. प्रोग्रॅममधला बग शोधताना आपण अर्धा कोड बंद करून बघतो, तसंच हे. एकेक व्हॉल्व्ह बंद करत जा. ज्याच्या बंद होण्यानं पातळी उतरायची थांबते, त्याच्या पलीकडे लीक आहे. आपल्याकडे बेसिन, गीझर आणि फ्लशच्या आधी अँगल कॉक बसवलेले असतात ते याचसाठी. फक्त ते वर्षानुवर्षं फिरवलेले नसतात, म्हणून ऐन वेळी जाम होतात. सहा महिन्यांतून एकदा नुसते उघडबंद करत चला.

आता संशयित नंबर एक: फ्लश टँक. आईच्या मसाल्याच्या कपाटातून जिलेबीचा रंग घेतला. चिमूटभर रंग फ्लशच्या टाकीत टाकायचा आणि वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. इतकंच. कमोडमध्ये रंग उतरला, तर टाकीच्या तळाचं रबरी सील गेलंय. रंग नसेल, तर शाईची पूड किंवा पोटॅशियम परमँगनेटचे दोन कण चालतात. झाकण उघडलंच आहे तर आणखी एक बघा: पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापर्यंत आलंय का? आलं असेल, तर सील ठीक असलं तरी फ्लोट बिघडलाय आणि पाणी गुपचूप त्या नळीतून निघून जातंय.

आमच्याकडे वीस मिनिटंही लागली नाहीत. सातव्या मिनिटाला कमोडच्या मागच्या बाजूनं केशरी धार. दोऱ्याएवढी बारीक आणि आवाज शून्य.

आणि कमोड कुणाचा? गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षांपूर्वी खास अप्पांसाठी बसवलेला. अप्पा बराच वेळ त्या केशरी धारेकडे बघत उभे राहिले. मग काहीही न बोलता डायरी आणायला गेले.

स्क्रू-ड्रायव्हर कानाला

फ्रीलान्सर असण्याचा एक फायदा म्हणजे सोमवारची सुट्टी कुणाकडे मागावी लागत नाही. प्लंबर मामा आले तेव्हा मी अंगणात ओणवी होऊन फरशा ठोकत होते. "काय बघलालाव ताई?" त्यांनी टिपिकल सोलापुरीत विचारलं. सील बदलायला त्यांना दहा मिनिटं लागली. रबर क्षारानं कडक होऊन वाकडं झालेलं.

सोमवार आमचा पाण्याचा दिवस. नळाला पाणी आल्यावर मामांनी एक भारी गोष्ट केली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हौदाकडे जाणाऱ्या पाइपवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मलाही ऐकवलं. फाटकाजवळ सूंऽऽ असा बारीक आवाज, हौदाजवळ आला की नाहीसा. "इथं आहे बघा," म्हणाले. एक फूट खणल्यावर पाइपच्या जॉइंटला चीर निघाली.

हा काही जादूटोणा नाही. दाबाखालचं पाणी बारीक फटीतून बाहेर पडताना पाइप थरथरतो आणि तो आवाज पाइपमधूनच दूरवर जातो. पाणीपुरवठ्याचे जुने कर्मचारी रात्रीच्या शांततेत लोखंडी सळई कानाला लावून रस्त्याखालची गळती अशीच शोधत आले. आजची मशीन त्याच तत्त्वावर चालतात. पाइपच्या दोन टोकांना दोन सेन्सर लावतात. आवाज कुठं आधी आणि कुठं किती उशिरा पोचला, यावरून मधली फट नेमकी कुठं आहे ते काढतात. थर्मल कॅमेराही वापरतात, पण लक्षात ठेवा, तो पाणी बघत नाही. तो तापमानातला फरक बघतो. त्यामुळे गीझरच्या गरम लाइनची गळती त्याला चटकन सापडते, थंड लाइनची तितकी सहज नाही. अगदीच हट्टी केसमध्ये पाइप रिकामा करून त्यात नायट्रोजनमध्ये मिसळलेला थोडासा हायड्रोजन सोडतात आणि तो फरशीतून कुठं वर येतोय ते हुंगणारं यंत्र फिरवतात.

पण फाटकाजवळची ती चीर मला फ्लशपेक्षा जास्त घाबरवून गेली. का ते सांगते. चार दिवसांतून एकदा पाणी येतं तेव्हा पाइपात दाब असतो, चिरेतून पाणी बाहेर जातं. पाणी गेल्यावर दाब संपतो, पाइप रिकामा होतो आणि त्याच चिरेतून आजूबाजूची ओल आत येते. शेजारून गटार जात असेल, तर गटाराचीसुद्धा. पुढच्या वेळी नळ सुटला की ते सगळं सगळ्यात आधी आपल्या हौदात. पहिली पाच मिनिटं मातकट पाणी येतं, त्याला आपण 'लाइनचा गाळ' म्हणून सोडून देतो. दर वेळी तो फक्त गाळच असतो असं नाही. म्हणून रोज पाणी न येणाऱ्या गावात गळती ही नुसती उधळपट्टी नसते, तो तब्येतीचाही प्रश्न असतो. ज्या घरात सहा महिन्यांचं बाळ आहे तिथं तर नक्कीच.

उजनी ते आपला कमोड

आता थोडं वरून बघू. सोलापूर जिल्ह्यात भीमेवर ११७ टीएमसीचं उजनी धरण आहे. तिथून सोलापूर शहरापर्यंत सुमारे ११० किलोमीटर पाइपातून पाणी येतं. तरीही शहरानं कित्येक वर्षं तीन-चार-पाच दिवसांआड पाणी भरत काढली. २००८च्या त्याच मानकांत चोवीस तास पाणी हवं असंही लिहिलंय आणि हिशेबाबाहेर जाणारं पाणी २० टक्क्यांच्या आत हवं असंही. ही दोन वाक्यं एकमेकांना जोडलेली आहेत. पाणी सतत आणि मीटरनं मिळत असेल, तर गळती बिलात दिसते आणि माणूस लगेच प्लंबर बोलावतो. साताऱ्यात कराडजवळच्या मलकापूरनं नेमकं हेच केलं: चोवीस तास पाणी, घरोघरी मीटर, जास्त वापराला चढता दर. आपल्याकडे मीटर असलाच तर तो हौदाच्या आधी. त्याच्या दृष्टीनं हौद भरला, विषय संपला. पुढं कमोडमधून काय जातंय, त्याला पत्ताच नाही.

'आम्ही पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहतो, आमचा काय संबंध?' आहे ना! सोसायटीत टँकरचं बिल सगळ्यांत सारखं वाटलं जातं आणि मेंटेनन्सच्या आकड्यात बुडून जातं. कुणाच्या कमोडमधून दिवसाला १५० लिटर गेले, तरी कुणालाच कळत नाही. कळतं ते खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला पोपडे आल्यावर. मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर महाभारत. माहीत असू द्या, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीचा खर्च सोसायटीचा, आणि तुमच्या बाथरूम-सिंकमधून खाली झिरपणाऱ्या पाण्याचा खर्च तुमचा.

मीरा रोडच्या आबिद सुरतींचं नाव ऐकलंय? 'ढब्बूजी'वाले कार्टूनिस्ट आणि लेखक. मुंबईत लहानपणी आईला बादलीभर पाण्यासाठी रांगेत उभं राहताना बघितलेला हा माणूस. २००७ मध्ये त्यांनी 'ड्रॉप डेड फाउंडेशन' सुरू केलं. नावात फाउंडेशन, प्रत्यक्षात ते स्वतः आणि सोबत एक प्लंबर. दर रविवारी दारोदार जाऊन गळके नळ फुकटात दुरुस्त. पहिल्याच वर्षात १,६६६ घरं आणि ४१४ नळ. म्हणजे साधारण दर चार घरांमागे एक नळ. आणि हे फक्त दिसणाऱ्या गळतीचं झालं, बरं का.

या वीकएण्डला करून बघा

वेळ बघा. ओल बारा महिने तेवढीच असेल, तर पाणी आणणाऱ्या पाइपचा संशय घ्या. आंघोळीनंतर वाढत असेल, तर सांडपाण्याची लाइन किंवा बाथरूमच्या फरशीचे सांधे. फक्त पावसाळ्यात येत असेल, तर गच्ची नाहीतर बाहेरची भिंत. प्लंबरला फोन करण्याआधी आठवडाभर ओलीची तारीख-वेळ लिहून ठेवा. निम्मं काम तिथंच होतं.

फॉइल लावा. ओल भिंतीतून येतेय की हवेतल्या दमटपणामुळं आहे, कळत नाही? पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा वीतभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपनं चिकटवा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडची बाजू ओली असेल, तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडची ओली असेल, तर खिडकी उघडा, बाकी काही नको.

नाणं वाजवा. फरशीवर नाण्यानं हलकेच ठोका. एकाच पट्ट्यात पोकळ आवाज, सांध्यांत काळपट रेघ किंवा अनवाणी पायाला उगाचच ऊबदार लागणारी फरशी (खाली गीझरची लाइन!) दिसली की सावध व्हा.

मीटर बघा. तुमच्याकडे नळाला सतत पाणी आणि मीटर असेल, तर सगळे नळ बंद करून तबकडीवरचं छोटं चक्र बघा. कुणी पाणी वापरत नसताना ते फिरत असेल, तर पाणी कुठंतरी जातंय. प्रेशर पंप असेल आणि तो मध्यरात्री आपोआप चालू-बंद होत असेल, तर तोही हेच सांगतोय.

चमचा धरा. 'थेंब थेंब तर गळतंय' म्हणणाऱ्यांसाठी. मिनिटाला एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिली, धरलं तरी दिवसाला सात लिटर होतात. चार दिवसांत दोन बादल्या.

फोटो काढा. नवं घर किंवा बाथरूम होत असेल, तर टाइल्स बसायच्या आधी पाइपात दाब भरून टेस्ट करून घ्या आणि प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो ठेवा. दहा वर्षांनी तोच फोटो तुमची अख्खी भिंत फुटण्यापासून वाचवेल.

आमच्या घरी पुढं काय झालं? अप्पा मागच्या दारी गेले. 'सॉरी' वगैरे शब्द त्यांच्या डिक्शनरीत नाहीत. त्यांनी हौदातली पाइप ओढत नेली, वहिनींचा पिंप काठोकाठ भरला आणि म्हणाले, "बाहेरून पाणी आणायचं नाही आता. बाळाला घेऊन कळशी उचलता, बरं दिसतं का?" वहिनी नुसत्या हसल्या. खोली सोडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. डायरीत त्या दिवशी एवढंच लिहिलंय: 'सील बदलले. फाटकाजवळचा जॉइंट दुरुस्त.' दोन महिन्यांच्या लाल नोंदींवर मात्र निळ्या पेनानं एकेक बारीक रेघ मारलेली मी पाहिली.

परवा आईचा फोन आला. मोगऱ्याला पालवी फुटलीय म्हणे. मावशी येऊन राहून गेली. आणि ठेवता ठेवता म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी येशील ना? ये. शिकेकाई उकळून ठेवते, केस इथंच धू."